अण्णांच्या वाटीतली बटणं

शिलाई मशीनची मोटर बुधवारी जळाली आणि गुरुवारपासून घरातलं प्रत्येक माणूस थोरल्या सुनेशी अतिशय गोड बोलू लागलं. या घरात गोड बोलणं फुकट मिळत नसे. ते महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर निघे आणि बैठक संपली की पुन्हा ठेवणीत जाई.

बैठक म्हणजे दुरुस्तीची बैठक. घरात खाणारी तोंडं सात आणि पैशांचा डबा एक. सगळ्यांची कमाई त्या डब्यात पडायची आणि खर्च भागून जे उरेल त्यात महिन्याला एकच बिघडलेली वस्तू दुरुस्त व्हायची. कोणती, ते मतदानाने ठरे. ही पद्धत अण्णांच्या आईने घालून दिलेली. आधी घड्याळ की आधी रेडिओ, यावरून तिचे दोन मुलगे असे भांडले होते की थोरला घर सोडून गेला, तो थेट तिच्या मयताला आला. त्याने घर सोडल्यावर लगेच म्हातारीने नियम केले. प्रत्येकाने आपली एक वस्तू मांडायची, प्रत्येकाने गुपचूप मत द्यायचं आणि स्वतःच्या वस्तूला मत द्यायचं नाही. माणसांनी एकमेकांचा विचार करावा, हा त्या शेवटच्या नियमामागचा हेतू. माणसं एकमेकांचा विचार करायला लागली हे खरं, पण म्हातारीच्या मनात होता तो हा विचार नव्हे.

अण्णा, म्हणजे थोरलीचे सासरे, जन्मभर कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांना पुकारा करायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून ते ही बैठक अगदी रीतसर चालवत. स्वतः मत देत नसत, बरोबरी झाली तरच देत. त्यांचं कानाचं यंत्र जवळजवळ वर्षभर बंद होतं आणि दर महिन्याला त्याचीही वाटी मांडली जाई. त्या वाटीत आजवर एकही मत पडलं नव्हतं. "राहू द्या, माझं काय, म्हातारं माणूस," असं ते निकालानंतर म्हणत आणि सगळे क्षणभर खाली मान घालून बसत. त्यागाचं एवढं स्वस्त दर्शन दुसरीकडे मिळालं नसतं.

थोरलीला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. माई, म्हणजे सासूबाई, आपल्या बहिणीच्या कागाळ्या सांगायला बसल्या की अण्णा खिडकीजवळ बसून मान डोलवत असत आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुट्टीतल्या माणसाचं समाधान असे. यंत्र दुरुस्त व्हावं अशी या घरात कोणाची खरोखर इच्छा नव्हती, आणि सर्वांत कमी इच्छा खुद्द अण्णांची होती.

या महिन्यात मात्र थोरलीचा जीव टांगणीला लागला होता. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा आणि त्याच्याच खटपटीने त्या शाळेच्या गणवेशाचं काम तिला मिळालं होतं. इतकी वर्षं तिने लोकांच्या विजारी आखूड केल्या, चेनी बदलल्या, ढिल्या कंबरा आवळल्या. अख्खं नवं कापड, तेही गठ्ठ्याने, तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. नमुना पसंत पडला होता. शाळेने दिलेल्या मुदतीत पहिला गठ्ठा दिला तर काम दरवर्षी तिचं, नाही तर शाळेसमोरचा शिंपी टपून बसलेलाच होता. आणि मशीन मुकं झालं होतं.

पहिला आला धाकटा दीर. तो विमा विकायचा, त्यामुळे ताकाला जाऊन भांडं लपवणं हा त्याचा धंदाच होता.

"वहिनी, तुमच्या हातचा चहा म्हणजे चहा."

"स्कूटरबद्दल बोलायचंय का?"

"छे हो. स्कूटर काय, ढकलत नेईन. मी तुमच्या मशीनबद्दल म्हणतोय. माझं मत तुम्हालाच."

"आणि माझं?"

"तुमचं आपलं..." त्याने कपात बघितलं. "हिच्या वॉशिंग मशीनला दिलंत तर हिला बरं वाटेल. लॅबमधले कोट हाताने धुऊन धुऊन हात गेलेत तिचे. स्कूटरला द्या असं मी म्हणत नाही. द्यायचंच असेल तर मी नाहीही म्हणणार नाही."

थोरलीने हो म्हटलं. बैठकीच्या आठवड्यात नाही म्हणायची रीत नव्हती.

मग जाऊबाई आली. धाकटी कानामागून आली आणि तिखट झाली, असं माई तिच्या पाठीमागे म्हणत, आणि तिच्यासमोर तिला 'माझी गुणाची' म्हणत. धाकटीने स्वतःहून शपथ घेतली की तिचं मत मशीनलाच, फक्त नवऱ्याला हे कळू देऊ नये, कारण त्याला तिने स्कूटरचा शब्द दिला होता. मग माई आल्या. "तुझं मशीन चाललं तर घर चालेल, मला कळत नाही का?" त्या म्हणाल्या आणि जाता जाता मिक्सरचं भांडं थोरलीसमोर ठेवून गेल्या. त्याचं बूड निघालं होतं, हे तिने नीट बघावं म्हणून.

थोरलीची लेक नुकतीच अठरा वर्षांची झाली होती. तिला घरात छकुली म्हणत आणि हे नाव मैत्रिणींना कळू नये म्हणून ती त्यांना घरी आणत नसे. हे तिचं पहिलंच मतदान. तिच्या फोनची काच फुटली होती.

"आई, मी तुलाच देणार. आईला नाही देणार तर कोणाला देणार?"

"आणि तुला मी द्यायचं, असं म्हणतेस?"

"मी कुठे म्हटलं? काकाने म्हटलंय, तो देणार. आजीने पण म्हटलंय. काकूने तर आधीच म्हटलंय."

म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना शब्द दिले होते. थोरलीने नवऱ्याला विचारलंच नाही. त्याचा गीझर बंद होता आणि तो पहाटे बर्फासारख्या पाण्याने अंघोळ करून बस काढायचा. पण काही झालं तरी नवरा होता, आणि काम त्यानेच आणलेलं होतं. ते एक मत तिने आपलं धरूनच ठेवलं होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर अण्णांनी टेबल पुसून घेतलं आणि सात वाट्या ओळीने मांडल्या. प्रत्येक वाटीपुढे ती वस्तू कोणती ते कळावं म्हणून खूण ठेवली. मशीनसाठी रिळ, मिक्सरसाठी झाकण, स्कूटरसाठी किल्ली, असं. वाट्यांवर जाड टॉवेल टाकला. मत म्हणून थोरलीच्या शिवणाच्या डब्यातलं एकेक बटण दिलं जाई. टॉवेलखाली हात घालायचा, खूण चाचपायची, बटण टाकायचं आणि हात बाहेर काढायचा. बटण पडल्याचा आवाज कोणत्या वाटीतून आला हे कळू नये म्हणून बाकीच्यांनी तेवढा वेळ बोलत राहायचं, असाही नियम होता. या घराला तो पाळणं सर्वांत सोपं गेलं.

थोरलीची पाळी चौथी. टॉवेलखाली हात घालेपर्यंत तिचं ठरलं होतं की शब्द दिलाय, वॉशिंग मशीनला द्यायचं. पण आत हात गेल्यावर तिचं डोकं चालू लागलं. धाकट्याने बायकोला दिलं असणारच. माईंना धुणं जमत नाही, त्यांनीही दिलं असेल. आपलंही तिकडेच गेलं तर मशीनचा निकाल लागलाच म्हणायचा. स्कूटरला? मिक्सरला? ज्याला द्यावं तो आपल्या पुढे जाणार. सगळ्यांत बरं म्हणजे मत अशा ठिकाणी टाकावं जिथून ते कोणाच्याच कामी येणार नाही. तिची बोटं वाट्यांवरून सरकत शेवटच्या वाटीशी गेली, जिच्यापुढे कानाच्या यंत्राची डबी होती. बटण टाकताना तिला थोडी लाज वाटली, आणि मग सुटल्यासारखंही वाटलं.

सगळ्यांचं झाल्यावर अण्णांनी टॉवेल उचलला.

मशीनची वाटी रिकामी. स्कूटरची रिकामी. मिक्सर, वॉशिंग मशीन, फोन, गीझर, सगळ्या रिकाम्या. अण्णांच्या वाटीत सहा बटणं होती.

सहाही जणांना एकाच क्षणी कळलं होतं की आपण काय केलं आणि बाकीच्या पाचांनीही नेमकं तेच केलं. कोणालाही कोणाकडे बोट दाखवता येत नव्हतं, कारण दाखवायचं बोट नुकतंच त्याच टॉवेलखालून बाहेर आलं होतं. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो टॉवेलची घडी घालत होता. आयुष्यात त्याने कधी टॉवेलची घडी घातली नव्हती.

सावरल्या त्या माई. "शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

"मी तर केव्हापासून म्हणत होतो," धाकटा म्हणाला.

"आजोबांसाठी एवढं तर करायलाच हवं," छकुली म्हणाली. पहिल्याच मतदानात ती पुरती तयार झाली होती.

अण्णांनी वाटी हातात घेतली. आधी त्यांचा चेहरा पडला. निवांत खिडकी गेली, हे त्यांना लगेच कळलं असावं. "नको, नको, मशीनचं बघा, पोरीचं काम आहे," असं ते म्हणाले. पण माईंनी त्यांच्या कानाजवळ जाऊन ओरडून सांगितलं की घरात पहिल्यांदा एकमत झालंय, ते मोडायचं नाही. तेव्हा अण्णांनी बटणं एकेक करून तळहातावर घेतली आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. डोळ्यांत पाणी आलेलं बघून थोरली टेबलावरच्या रिकाम्या वाट्या गोळा करू लागली.

यंत्र दोन दिवसांत दुरुस्त होऊन आलं. "अजून नीट बसलं नाही, सवय व्हायची आहे," असं अण्णांनी सांगितलं. घरच्यांनी तेवढं ऐकलं आणि सोडून दिलं. वर्षभर अण्णांसमोर काहीही बोलायची सगळ्यांना सवय झाली होती, आणि सवय काही यंत्राबरोबर दुकानात गेली नव्हती.

शनिवारी थोरलीचा नवरा, थोरला, शाळेतून कामाचा विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आला आणि निरोपही. सोमवारी पहिला गठ्ठा मिळाला नाही, तर कापड परत घेऊन जाणार.

"आता?" थोरली म्हणाली. अण्णा पलीकडे खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"पुढच्या महिन्यात तुझंच," थोरला म्हणाला. "आता कोणी आड यायचं नाही."

"पुढच्या महिन्यात मी काय, शिंप्याच्या दुकानात बटणं लावायला जाऊ? तुम्ही तरी मला मत का नाही दिलंत?"

"अगं, मला वाटलं तुला सगळेच देणार. मी दिलं काय आणि नाही काय. आणि समज तुला नाही मिळालं, तर निदान गीझर तरी... म्हणून म्हटलं, मत वायाच घालवू. अण्णांना कोण देतंय, म्हटलं."

"मीही तेच म्हटलं," स्वयंपाकघरातून धाकटी म्हणाली. "मला काय माहीत, सगळ्यांनाच अक्कल सुचणार."

"त्यांच्या त्या यंत्रावर पैसे घालायचे म्हणजे," माईंनी सुस्कारा टाकला. "ऐकून तरी काय करणार आहेत?"

असं म्हणून त्यांनी मिक्सरचं बूड गेलेलं भांडं शेल्फवर ठेवायला घेतलं आणि ते हातातून निसटलं. फरशीवर असा दणका बसला की छकुली आतल्या खोलीतून धावत आली. सगळ्यांनी भांड्याकडे पाहिलं. थोरलीने अण्णांकडे पाहिलं. ते खुर्चीतून चांगले वीतभर उडाले होते आणि आता पुन्हा डोळे मिटून घेत होते.

रविवारी सकाळी बाकीचे आपापल्या कामात असताना थोरली खिडकीपाशी अण्णांजवळ जाऊन बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, माझंही बटण तसलंच होतं. फेकून दिलेलं."

अण्णा बाहेर बघत राहिले. रस्त्यावर कोणीतरी पाण्याची टाकी हातगाडीवरून नेत होतं.

"कळलं मला," ते म्हणाले. "सहाही तसलीच."

"वाईट वाटलं?"

"वाटलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला हे यंत्र नकोच होतं. गेलं वर्ष फार सुखात गेलं माझं. पण ती सहा बटणं बघितली आणि म्हटलं, आपण यांचं ऐकावं असं यांना वाटतंय. म्हणून गेलो दुकानात. ऐकायला मिळालं ते हे. ते दुकानदाराने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

थोरलीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिने मतं मोजली, मतं जमवली, मतं फिरवली. पण तो माणूस बटणं तळहातावर घेऊन बघत बसला होता, त्या वेळी एकानेही तोंड उघडलं नव्हतं. त्यात तीही होती.

"अण्णा, शाळेचा विसार मी डब्यात टाकलेला नाही," ती म्हणाली. "माझ्याकडेच आहे. मी मशीन घेऊन दुकानात जातेय. आज ते दुपारपर्यंत उघडं असतं. मोटर बदलून मिळाली तर रात्रभर बसेन, पण पहिला गठ्ठा देईन. मत न घेता आजवर या घरात कोणी सुईसुद्धा दुरुस्त केली नाही, ते ठाऊक आहे मला. सगळे अंगावर येतील. पण तुम्ही नाही म्हणालात, तर नाही जाणार."

म्हातारीचे नियम अण्णांनी तिच्यानंतर जन्मभर सांभाळले होते. त्या नियमांपायी त्यांनी कधी सख्ख्या बायकोलाही सवलत दिली नव्हती.

"मला असं चोरून विचारू नकोस," ते शेवटी म्हणाले. "मी अध्यक्ष आहे. काय करायचं ते सगळ्यांसमोर कर."

तिला वाटलं, संपलं. पण उठायला तर हवंच होतं. तिने मशीनभोवती चादर गुंडाळली, दोन्ही हातांनी ते उचललं आणि पुढच्या खोलीतून दाराकडे निघाली.

पहिल्यांदा पाहिलं धाकट्याने. "वहिनी, हे काय? कुठे?"

"दुरुस्तीला."

"कशाच्या पैशांनी?" धाकटी हातातला ओला कोट तसाच घेऊन पुढे आली.

"विसाराच्या."

"म्हणजे डब्याच्या," माई म्हणाल्या. "कमाई आली की डब्यात. डब्यातली निघते ती मतानेच. तू काय स्वतंत्र राज्य काढलंस का? अहो, ऐकताय का? सासूबाईंनी घातलेली रीत तुमच्या डोळ्यांदेखत मोडतेय ही."

"तसं बघितलं तर पैसे काम झाल्यावरच..." थोरला म्हणायला लागला आणि माईंनी पाहिल्यावर थांबला. मग मात्र तो चपला घालू लागला. कोणाच्या बाजूने, ते त्याने सांगितलं नाही.

"वहिनींचं आज झालं, तर उद्या मी स्कूटर नेईन," धाकटा म्हणाला. "मग बैठक कशाला हवी? अण्णा, निर्णय द्या. तुम्ही सांगाल ते सगळ्यांना मान्य."

सगळे अण्णांकडे वळले. थोरली मशीन पोटाशी धरून दारात उभी राहिली. तिचे हात भरून आले होते. यंत्र अण्णांच्या कानात होतं आणि त्यावरचा बारीक दिवा लागलेला तिला दिसत होता.

"अहो," माई जवळ जाऊन म्हणाल्या, "तिला थांबवा म्हणतेय मी."

अण्णांनी कानामागे तळहात धरला. "काय?"

"थांबवा तिला."

"काय म्हणतेस? नीट बोल."

"थांबवा," माई सगळ्या इमारतीला कळेल अशा आवाजात म्हणाल्या.

अण्णांनी खेदाने मान हलवली. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही. पैसे फुकट गेले बघ. पुन्हा बिघडलं वाटतं." त्यांनी टेबलाकडे हात केला. "पुढच्या महिन्यात मांडू याची वाटी. तेव्हा बघू कोणाकोणाला काय म्हणायचं होतं ते."

थोरलीने एका पायाने दार ढकललं. दोन्ही हात गुंतले होते, म्हणून ती उंबरठ्याशी अडखळली आणि स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "आता दार कोण लावणार?"

"मी लावतो," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "तू नीघ."